चार आकड्यांचा घनपाठ

बँकेतल्या माणसाकडे सांगण्यासारख्या गोष्टी फार नसतात. माझ्याकडे एक होती, आणि ती मी नोकरीत असताना आणि निवृत्त झाल्यावरही पुरवून पुरवून सांगितली. लग्नांत सांगितली, निरोपसमारंभांत सांगितली, एकदा तर तेराव्याच्या जेवणानंतर पान लावता लावता सांगितली. काशीचे एक वेदमूर्ती नव्या एटीएमसमोर उभे राहतात, कार्डाचा गुप्त नंबर मोठ्याने घनपाठात म्हणतात, भलतीच बटणं दाबतात आणि यंत्र त्यांचं कार्ड गिळून टाकतं, अशी ती गोष्ट. मी आवाज काढून सांगत असे. लोक हसून हसून डोळे पुसायचे. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण अजून आहेत आणि मीही आहे, तोवर तिची दुरुस्ती करून ठेवतो. वेदमूर्ती खरे, घनपाठ खरा, यंत्रही खरं. कार्ड मात्र त्यांचं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा माझी बदली बनारसला झाली आणि मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका गल्लीत, एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालक राहत. त्यांना सगळा मोहल्ला गुरुजी म्हणे. ऋग्वेदाचे घनपाठी, वय सत्तरीच्या पुढचं, उंच, काटकुळे, आणि आवाज असा की वरच्या खोलीत माझी खिडकीची काच त्यांच्याबरोबर पाठ म्हणायची. पुढच्या खोलीत पाच-सहा विद्यार्थी शिकत आणि तिथेच झोपत. मागच्या खोलीत काकू स्वयंपाक करत आणि गुरुजींना न ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात त्यांच्याबद्दल बोलत.

पहिल्या महिन्याचं भाडं दिलं तेव्हा मी पावती मागितली. बँकेतल्या माणसाचा तो रोगच. गुरुजींनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं, उठून दारात गेले आणि गल्लीत तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "वरच्या साहेबांचं या महिन्याचं भाडं पोचलं." समोरचा दूधवाला म्हणाला, "पहुँच गया, गुरुजी." पानवाल्याने मान हलवली. गुरुजी आत येऊन बसले. "झाली पावती," म्हणाले. "कागद हरवतो. ही कशी हरवणार?" मी तिथे होतो तोवर दर महिन्याला माझी पावती अशी गल्लीभर फाटत असे. एका महिन्यात पगार उशिरा झाला, तेव्हा दूधवाल्यानेच मला थांबवून विचारलं की अजून घोषणा झाली नाही, सगळं ठीक आहे ना.

कागदाशी गुरुजींचं जन्माचं वाकडं होतं. कागदावर गेलं की डोक्यातून गेलं, असं ते म्हणत. वाण्याकडे जाताना यादी नसे. काकूंनी सांगितलेल्या जिनसा ते घनात बांधून नेत. घनपाठ म्हणजे काय ते मला त्या यादीवरूनच कळलं. हळद, जिरे, हिंग आणायचे तर गुरुजी वाटेने म्हणत: हळद जिरे, जिरे हळद, हळद जिरे हिंग, हिंग जिरे हळद, हळद जिरे हिंग. म्हणजे आधी दोघांची जोडी सरळ आणि उलट, मग तिघांची ओळ सरळ, उलट, परत सरळ. मग एक पाऊल पुढे सरकून जिऱ्यापासून पुन्हा तेच. असं विणलं की मधला एक दाणा गळू शकत नाही, हजारो वर्षं आमच्या लोकांनी असंच टिकवलं, हे त्यांचं म्हणणं. वाणी शेवटची ओळ संपेपर्यंत तराजूला हात लावत नसे. घाईचं गिऱ्हाईक चिडलं तर वाणीच त्याला गप्प करी.

आणखी एक सवय सांगण्यासारखी आहे. पहाटे घाटाच्या पायऱ्या उतरताना त्यांचं मौन असे. लोकांना ते ठाऊक होतं, तरी ते मुद्दाम उतरताना प्रश्न विचारत: नावाड्याला मुहूर्त हवा असे, कोणाला एकादशी कधी ते. गुरुजी काही न बोलता खाली जात, बुडी मारत, आणि वर येताना ज्या क्रमाने प्रश्न आले त्याच क्रमाने उत्तरं देत. ज्याने प्रश्न विचारला तो तिथे असो वा नसो. कित्येकदा नावाड्याचा मुहूर्त मलाच मिळे.

या माणसाला एकच गोष्ट लिहिता येत होती असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. वडिलांनी त्यांना लहानपणी मोडीत स्वतःचं नाव लिहायला शिकवलं होतं. बाकीचं तोंडात राहील, एवढं हातात असू दे, असं वडील म्हणाले होते म्हणे. ती सही मी पाहिली आहे. एकदा लेखणी टेकली की शेवटपर्यंत न उचलता, शेवटी मागे वळून सगळ्या नावावरून जाणारा एक फर्राटा. चौकातल्या जुन्या बँकेत त्यांचं खातं होतं. महाराष्ट्रातल्या एका संस्थेकडून विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी वर्षातून काही वेळा थोडे पैसे त्यात येत. ती सही दाखवली की पैसे मिळत, आणि गुरुजी सही करताना आजूबाजूला बघत, कोणी पाहतंय का म्हणून.

मी राहायला गेलो त्याच सुमारास त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. सही जुळेना. चौकातल्या बँकेने एकदा कागद परत केला, दुसऱ्यांदा केला, आणि तिसऱ्यांदा खिडकीतला माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, पंडितजी, अंगठा लावून टाका. गुरुजी पैसे न घेता परत आले. त्या आठवड्यात विद्यार्थ्यांच्या ताटात वरण पातळ झालं. काकूंनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "अंगठा लावणार नाही म्हणतात. पोरं उपाशी राहिली तरी चालतील, असं तोंडाने म्हणत नाहीत एवढंच. तुम्ही ब्यांकेतले ना, काहीतरी करा."

आणि मी खरोखरच काहीतरी करण्याच्या जागी होतो. आमच्या शाखेत गोदौलियाच्या रस्त्यावर काचेच्या खोलीत नवं यंत्र बसत होतं. त्याबरोबर डेबिट कार्ड. ते चालेल असं दुकान आमच्या माहितीत एकही नव्हतं, पण यंत्रातून पैसे निघणार होते, आणि मुख्य म्हणजे सही लागणार नव्हती. चार आकडे दाबले की झालं. अडचण एवढीच की कार्ड हवं तर खात्यात पाच हजार कायम ठेवायला लागत. गुरुजींकडे त्याच्या दशांश रक्कम निघाली असती तर काकूंनी देवापुढे पेढे ठेवले असते.

इथवर माझं वागणं बरं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते जौनपूरचे, गोल चेहऱ्याचे, वरून आलेल्या प्रत्येक पत्राने घाम फुटणारे. त्यांच्याही डोक्याला ताप होताच, कारण उद्घाटन जवळ आलं होतं आणि कार्ड घ्यायला कोणी तयार नव्हतं. बनारसी व्यापाऱ्याला नोट हातात मोजून देणारा माणूस समोर लागतो, भिंतीतून आलेला पैसा त्याला चोरीचा वाटतो. मी म्हटलं, साहेब, ठेवीची अट काही खात्यांना शिथिल करा, माझ्या शिफारशीवर. आणि उद्घाटनाच्या फोटोत भस्म लावलेले एक वेदमूर्ती हातात कार्ड घेऊन उभे असतील तर कसं दिसेल? साहेबांना तो फोटो दिसला. पाचशे रुपयांवर खातं उघडलं गेलं; ते मीच भरले, आणि संस्थेचा त्या वेळचा हप्ता या नव्या खात्यात मागवला. फॉर्मवर सही लागली, पण जुन्या सहीशी जुळवायची नव्हती. जशी झाली तशी तीच नमुन्याची सही ठरली. गुरुजींनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरून ती केली. फर्राटा काही जमला नाही.

कार्डाच्या नंबराबद्दल ग्राहकांना समजावण्याचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी फार तोऱ्यात करत असे. नंबराचं पाकीट उघडायचं, वाचायचं, जाळून टाकायचं. बायकोला सांगायचं नाही, मॅनेजरला सांगायचं नाही. गच्चीवर बसून मी गुरुजींना हेच शिकवत होतो, आणि नमुना म्हणून मी माझं स्वतःचं पाकीट आणलं होतं. ते फाडून, आकडे मोठ्याने वाचून, "असा चार आकडी नंबर असतो" असं म्हणून मी काडी ओढली आणि कागद जाळला. गुरुजींच्या डोक्यात शब्द पडला की तो आपोआप विणला जाई. ते म्हणायला लागलेच, "चार सात, सात चार, चार सात दोन..." मी घाईघाईने त्यांना थांबवलं. म्हटलं, गुरुजी, हा माझा नंबर, हा गुप्त, कोणालाही सांगायचा नाही.

त्यांनी हात जोडले. "आत गेलेलं आता बाहेर काढता यायचं नाही," ते म्हणाले. "पण माझ्या तोंडून कोणाला कळायचं नाही." मग त्यांच्या नंबराचं पाकीट उघडलं. तोही गुप्त ठेवायचा म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, "जे कोणाला सांगितलं नाही ते टिकणार कसं?" मी काडेपेटी त्यांच्याकडे सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला खालच्या खोलीतून संथा सुरू झाली. गुरुजी पुढे, विद्यार्थी मागून, गुरुजींच्या कार्डाचे चार आकडे, पूर्ण घनात. मी जिन्यातून तीन-तीन पायऱ्या उतरत आलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "तुमचा तुम्ही लपवा. हा माझा आहे." आठवडाभरात दूधवाल्याला तो पाठ होता.

उद्घाटनाला आमचे झोनचे साहेब आले. यंत्राला झेंडूच्या माळा घातल्या. गुरुजींनी शांतिपाठ म्हटला, नारळ फोडला, यंत्राच्या कपाळावर, म्हणजे जिथे ते असावं असं वाटत होतं तिथे, कुंकू लावलं. मग प्रात्यक्षिक. पहिलं कार्ड मी घालायचं असं ठरलेलं. मी गर्दीला आधी छोटंसं भाषण दिलं, नंबर किती सोपा असतो आणि तो मनात कसा कोरून ठेवायचा असतो यावर. कार्ड घातलं. पडद्यावर आकडे मागितले. आणि माझ्या मनात काहीही कोरलेलं नव्हतं. पहिला आकडा चार, एवढं आठवत होतं. त्यानंतर जळणारा कागद आठवत होता.

पहिल्यांदा चुकलं तेव्हा मी हसलो. दुसऱ्यांदा यंत्र गरम झालं असावं, असं काहीतरी बोललो. तिसऱ्यांदा यंत्राने एक घशातला आवाज काढला आणि कार्ड आत गेलं ते बाहेर आलं नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "खा गइल." माझ्या मागे, हाताच्या अंतरावर, गुरुजी उभे होते. मी वळून पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते, ओठ घट्ट मिटलेले, आणि गळ्याची शीर मात्र हलत होती.

मग त्यांची पाळी. कार्ड घातलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, आपला नंबर खणखणीत म्हटला, आणि थरथरत्या बोटाने बरोबर चार बटणं दाबली. यंत्र घरघरलं आणि नोटा आल्या. लोकांनी हर हर महादेवचा गजर केला. गुरुजींनी नोटा उपरण्यात बांधल्या आणि त्या दिवशी विद्यार्थ्यांना खीर मिळाली. घरी जाताना गल्लीत मी त्यांना म्हटलं, गुरुजी, तुम्हाला माझा नंबर आठवत होता ना? ते म्हणाले, "आठवत होता म्हणजे? घशापर्यंत आला होता. पण तुम्हीच म्हणाला होतात, कोणालाही नाही. एवढ्या चारचौघांत कसा सांगणार?" मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी तो माझ्या कानात पूर्ण घनात म्हटला.

दुसऱ्या दिवशी झोनच्या कार्यालयातून कोणा वरिष्ठाचा फोन आला. उद्घाटनात कार्ड गिळलं गेलं ते कोणाचं? झोनचे साहेब लांब, पंख्याखाली बसले होते, त्यांना नीट दिसलं नव्हतं. फोन माझ्या हातात होता. मॅनेजरसाहेब समोर बसून घाम पुसत होते. ते हलक्या आवाजात म्हणाले, "पंडितजी का बता दीजिए. उनका क्या बिगड़ेगा?" मी सांगितलं. आणि नुसतं सांगून थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. पण मला गोष्ट सांगायची खोड. पलीकडचा माणूस हसतोय असं लक्षात आल्यावर मी रंग भरला: नंबर ते मंत्रासारखा म्हणतात, अख्ख्या गल्लीला पाठ आहे, दूधवालासुद्धा म्हणतो. तो खो खो हसला. फोन ठेवताना मी स्वतःवर खूश होतो. ती त्या गोष्टीची पहिली वेळ.

हसणारी माणसंही पत्र लिहितात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. थोड्याच दिवसांत पत्र आलं. ज्या ग्राहकाने नंबर उघड केला आहे त्याचं कार्ड रद्द करावं, आणि कमी ठेवीवर दिलेली सवलत बंद करावी. कार्ड हवं तर पाच हजार ठेवा. गुरुजींचं कार्ड मीच परत घेतलं आणि मीच कात्रीने कापलं. कारण विचारलं तेव्हा मी म्हटलं, नियम बदलला.

संस्थेचे पुढचे पैसे आमच्याच शाखेत आले. गुरुजी खिडकीशी आले, सही केली. कंप वाढला होता. आपल्याच नमुन्याच्या सहीशीही ती जुळेना. त्यांनी दुसरा कागद मागितला, मग तिसरा. मागे रांग लागली होती. शेवटी त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "आणा ते." शाईचं पॅड आलं. त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. खिडकीतला माणूस म्हणाला, पुरुषांचा डावा लागतो. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ज्या हाताने ते तांब्यातलं पाणीसुद्धा कोणाला देत नसत, तो हात. मी म्हटलं, "हो गुरुजी, तशीच पद्धत आहे." त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकला. तो मुळीच थरथरला नाही. खाली साक्षीदार म्हणून सही लागते. ती मी केली, फर्राट्यासकट.

त्या महिन्याचं भाडं मी दिलं तेव्हा ते दारात गेले आणि नेहमीसारखे म्हणाले, पोचलं. फक्त दूधवाल्याला दोनदा विचारावं लागलं, क्या बोले गुरुजी?

वर्षभरात माझी बदली झाली. गोष्ट माझ्याबरोबर आली आणि गावोगाव सुधारत गेली. तीत नंबर सांगावा लागे, आणि मला आता जन्मात न विसरता येणारा एकच नंबर होता, तोच मी घालत असे. गिळलेलं कार्ड रद्द झालेलं, धोका काही नव्हता. काशीला जाणारे यजमान ती घेऊन काशीलाही जात असतील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निवृत्तीनंतर मी आणि बायको काशीला गेलो तेव्हा गुरुजी अंथरुणाला लागलेले नव्हते, पण खिडकीपाशी बसून असत. पाठशाळा एक जुना विद्यार्थी चालवत होता. काकूंनी चहा टाकला. गुरुजींनी माझ्या मुलाबाळांची चौकशी केली आणि म्हणाले, "ती गोष्ट सांगा." मला काही कळलंच नाही असं मी दाखवलं. "अहो, नागपूरचे यजमान आले होते श्राद्धाला. त्यांनी सांगितली. पण त्यांना नीट येत नाही. म्हणाले, मूळ सांगणाऱ्याकडूनच ऐकावी."

मी टाळाटाळ केली. बायको जमिनीकडे बघत होती. शेवटी सांगितली, जमेल तितकी गुळमुळीत, पण सवयीने गुरुजींचा आवाज निघालाच. काकू तोंडाला पदर लावून हसल्या. गुरुजी हसले नाहीत. विद्यार्थ्याची संथा ऐकताना बसत तसे डोळे मिटून, बोटाने ताल धरून बसले होते. संपली तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हे आकडे तुमच्या कार्डाचे."

"हो," मी म्हटलं. "गिळलेलं कार्डही माझंच होतं."

"ते ठाऊक आहे. मी तिथेच होतो की."

मग मी राहिलेलं सांगितलं. फोनवर त्यांचं नाव मी सांगितलं, त्यांच्या पाठाची थट्टा मी केली, नियम बदलला तो त्यामुळे. काकूंचं हसू थांबलं.  गुरुजींचा डावा अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता, पुसल्यासारखा. पुढच्या खोलीतून विद्यार्थ्यांचा आवाज येत होता. 

"तुमचा पाठ चुकतो," ते म्हणाले.

"कुठे?"

"तिघांच्या ओळीला. सरळ म्हणता, उलट म्हणता आणि तिथेच सोडून पुढे जाता. उलट गेल्यावर परत सरळ यायला लागतं. नाहीतर तो घन नव्हे. इतकी वर्षं इतक्या लोकांना तुम्ही चुकीचं सांगितलंत. म्हणा."

मी म्हटलं. त्याच जागी चुकलो.

"परत."

काकूंनी माझा निवलेला चहा उचलून नेला. मी मांडी नीट घातली, आणि खिडकीशी बसलेल्या त्या माणसाकडे न बघता पुन्हा सुरुवात केली. चार सात, सात चार, चार सात दोन, दोन सात चार. आणि परत, चार सात दोन.